मऊ प्रवाळांना सूक्ष्म मूलद्रव्यांची मात्रा लागते का?

प्रश्न : आमच्याकडे २०० लिटरची समुद्री मत्स्यपेटी असून तीत लेदर कोरल, झेनिया आणि मश्रूम कोरल हे मऊ प्रवाळ आहेत. लेदर कोरल काही दिवसांपासून मिटलेले असून त्यावर चकचकीत पापुद्रा आला आहे. दुकानदार दर आठवड्याला आयोडीन व स्ट्रॉन्शियमचे थेंब घालायला सांगतात. ते घालावेत का? कारवारहून समुद्राचे पाणी आणले तर चालेल का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : लेदर कोरल अधूनमधून असा मेणासारखा पापुद्रा टाकते आणि तोवर त्याचे पॉलिप (फुलासारखे बारीक जीव) आत ओढलेले राहतात. हा आजार नव्हे. पंपाचा प्रवाह त्याच्यावरून खेळता ठेवा, म्हणजे पापुद्रा सुटेल.

कठीण प्रवाळ कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा बांधतात, म्हणून त्यांच्या टाकीत कॅल्शियम आणि क्षारता (खारटपणा नव्हे, तर पाण्यातील कार्बोनेटांचे प्रमाण) भराभर घटते. लेदर कोरलच्या अंगात मात्र त्या द्रव्याचे केवळ बारीक कण असल्याने त्याची गरज थोडी असते. आयोडीन तर समुद्रातच लिटरमागे सुमारे ०.०६ मिलिग्रॅम असते, म्हणजे आपल्या संपूर्ण टाकीच्या हिशेबाने अवघे १२ मिलिग्रॅम. चांगल्या समुद्री मिठाच्या मिश्रणात ही मूलद्रव्ये असतातच, त्यामुळे दर आठवड्याला २० लिटर पाणी बदलल्यास मऊ प्रवाळांच्या टाकीत त्यांची भरपाई सहसा होते. याउलट प्रवाळांनी न वापरलेले द्रव्य आपण दर आठवड्याला घालत राहिलात, तर एवढे पाणी बदलूनही ते साठत साठत एका मात्रेच्या जवळजवळ दहापट होते. जे मोजता येत नाही ते टाकीत घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यापेक्षा वाफेने घटलेल्या पाण्याकडे लक्ष द्यावे. पाणी उडते, क्षार मागेच राहतात. म्हणून ही भर आरओच्या पाण्यानेच घालावी. बोअरचे पाणी वापरल्यास त्यातील क्षार दिवसेंदिवस वाढत जातात, आणि तांब्याचा अंश तर प्रवाळांना विषासमान आहे. लेदर कोरल पाण्यात सोडत असलेली रसायने शेजारच्या प्रवाळांना जाचतात, त्यासाठी फिल्टरमध्ये सक्रिय कार्बन ठेवून तो वेळोवेळी बदलावा.

कारवारच्या पाण्याचा मोह टाळावा, हे बरे. तेथे काळी नदी समुद्राला मिळते, त्यामुळे पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा खारटपणा उतरतो आणि गाळही येतो. मिश्रणाचे पाणी विशिष्ट गुरुत्व (गोड्या पाण्याच्या तुलनेतील घनता) १.०२५ च्या आसपास ठेवून घरीच तयार करावे.