घटनेतला प्रत्येक बदल 'घटनादुरुस्ती' असतो का?

प्रश्न असा आहे : हिंदी बातम्यांतले 'संविधान संशोधन' मराठीत जसेच्या तसे घेतले तर काय बिघडले? आणि घटनेतला कोणताही बदल म्हणजे घटनादुरुस्तीच ना?

पहिल्याचे उत्तर थोडक्यात देतो. मराठीत संशोधन म्हणजे प्रयोगशाळेत किंवा दप्तरखान्यात बसून घेतलेला शोध. 'शुद्ध करणे' हा मूळ संस्कृत अर्थ हिंदीने जपला, मराठीची वाट वेगळी झाली. म्हणून 'घटनादुरुस्ती'च लिहावे. 'दुरुस्ती म्हटले की आधी काहीतरी मोडले होते असे वाटते' हा आक्षेप मला पटत नाही. ७३वी घटनादुरुस्ती गावोगावच्या सरपंचांच्या तोंडी आहे आणि तिने तर पंचायतराजचा अख्खा नवा भाग घटनेत घातला. भर घालणे, बदलणे, वगळणे हे सगळे या एका शब्दात मावते.

दुसऱ्याचे उत्तर मात्र 'नाही' असे आहे, आणि तिथेच लिहिताना सर्वाधिक घोळ होतो. अनुच्छेद ३६८मध्ये सांगितलेल्या रीतीने झालेला बदल, तीच घटनादुरुस्ती. आपल्या राज्याचेच बघा. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला तेव्हा राज्यांची यादी असलेली घटनेची पहिली अनुसूची बदलली. पण ते झाले मुंबई पुनर्रचना कायद्याने, साध्या बहुमतावर. असा कायदा ३६८च्या अर्थाने घटनादुरुस्ती समजायचा नाही, असे अनुच्छेद ४ स्वच्छ सांगतो. उलट कोकणी भाषांची यादी असलेल्या आठव्या अनुसूचीत आली ती १९९२च्या ७१व्या घटनादुरुस्तीने. बदलली दोन्ही वेळा अनुसूचीच.

'दोन तृतीयांश बहुमताने मंजूर' हेही अर्धेच वाक्य. हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश तर हवेतच, शिवाय सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमतही हवे. लोकसभेच्या ५४३पैकी ३९० जणांनी मतदान केले, तर दोन तृतीयांश होतात २६०. तेवढ्यावर भागत नाही, २७२ लागतातच. ४५० जणांनी केले तर ३०० लागतात. हे दोन्ही सभागृहांत वेगवेगळे साधावे लागते, कारण इथे संयुक्त बैठकीची सोय नाही. विषय केंद्र-राज्य अधिकारवाटपाचा, सर्वोच्च वा उच्च न्यायालयांचा किंवा राष्ट्रपतींच्या निवडणुकीचा असेल, तर किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचीही संमती लागते. तिला कायद्याच्या भाषेत 'अनुसमर्थन' म्हणतात. नुसते 'समर्थन' लिहिले की ते राजकीय पाठिंब्यासारखे वाचले जाते. शेवटी राष्ट्रपतींची अनुमती. १९७१च्या २४व्या घटनादुरुस्तीपासून ती द्यावीच लागते.

तोवर ते 'घटनादुरुस्ती विधेयक'च. त्यामुळे 'लोकसभेत घटनादुरुस्ती मंजूर' हा मथळा चूक. क्रमांकही वेगळे पडू शकतात : जीएसटीचे विधेयक १२२वे होते, २०१६मध्ये झालेली घटनादुरुस्ती १०१वी.

'घटना बदलणे' हा प्रयोग तर याच्या जागी वापरूच नये. संसदेला घटनेत दुरुस्ती करता येते, तिचा मूलभूत ढाचा मोडता येत नाही, असे केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ एप्रिल १९७३ रोजी ७ विरुद्ध ६ मतांनी ठरवले आहे.

लिहायचा सामासिक शब्द म्हणून जोडून, 'घटनादुरुस्ती', अनेकवचन 'घटनादुरुस्त्या'.