वाचकांचे प्रश्न : पडवीतली सुतारकी आणि लाकडी मोगरी

पटाशी ठोकायची लाकडी मोगरी घरी कशी करावी, याबद्दल किनारपट्टीवरच्या वाचकांचे बरेच प्रश्न आले. त्यांतले पाच इथे घेतले आहेत. मापं सुतारांच्या सवयीची, म्हणजे इंच आणि सुतांत दिली आहेत. 8 सूत म्हणजे 1 इंच.

प्रश्न : लोखंडी हातोडीनं पटाश्यांच्या लाकडी मुठी चेपून फुटल्या, म्हणून आता मोगरी करायची आहे. वादळात पडलेला फणस आहे, जुन्या चिंचेची एक जाड फांदी आहे आणि समुद्राकडच्या सुरूचे ओंडकेही मिळतात. कोणतं लाकूड घ्यावं? – देवगड

उत्तर : चिंच घ्या. चिंचेच्या लाकडातल्या तंतूंच्या रेषा सरळ जात नाहीत, एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्यामुळे सारखे घाव बसूनही ती उभी चिरत नाही. खाटकाचा ओंडका चिंचेचा असतो तो याच गुणामुळे. गाभ्याचं काळपट लाकूड सर्वांत चांगलं, पण फांदीत ते फारसं निघत नाही. भोवतालचं पिवळट लाकूडही पुरेसं कठीण असतं, फक्त त्याला भुंगा लागतो. टाचणीच्या टोकाएवढी भोकं किंवा पिठासारखा भुसा दिसला, तर तो तुकडा सरळ चुलीत घाला.

फणस रंध्याला गोड आणि दिसायलाही देखणा, पण हलका. खाली दिलेल्या मापाची मोगरी फणसात केली तर अर्ध्या किलोच्या आसपास भरते, चिंचेत पाऊण किलोच्या वर जाते. बारीक पटाशीच्या नाजूक कामाला फणसाची एक असावी, पण चौकटीचं नेढं, म्हणजे सांध्याचं भोक, पाडायला ती पुरणार नाही. हाताला जास्त घाव घालावे लागतात आणि मनगट दुखतं. सुरू वजनदार आणि कठीण खरा, पण वाळताना फार तडकतो. अख्खा गोल ओंडका तर हमखास तडकतो. घ्यायचाच तर ओला असतानाच उभा फोडून त्याच्या चार फाका करा आणि मधला भाग काढून टाका.

दांड्याला वेगळं लाकूड लागतं. त्यात लवचीकपणा हवा, म्हणून धामण पहिल्या पसंतीची. ती न मिळाल्यास पेरू किंवा बाभूळ चालेल. दांड्याची फाळ, म्हणजे ज्यातून दांडा घडवायचा ती पट्टी, करवतीनं न कापता कोयत्यानं फोडून काढा. फोडताना लाकूड रेषेनंच सुटतं, त्यामुळे रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग राहते. कापलेल्या दांड्यात रेषा तिरकी जाऊन मध्येच कडेला संपत असेल, तर दांडा नेमका तिथेच मोडतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. चिंच, आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडं 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. उभं झाड तोडायला परवानगी लागते. मोगरीला फूटभर तुकडा पुरतो आणि तो वखारीत किंवा सॉ मिलच्या उरलेल्या तुकड्यांत सहज सापडतो.

प्रश्न : मोगरीची नेमकी मापं आणि नेढं पाडायची पद्धत हवी आहे. नेढं आतून तिरकं असावं असं ऐकलं, ते का? – गुहागर

उत्तर : मोगरीचं सगळं आयुष्य नेढ्यावर, म्हणजे दांडा बसायच्या भोकावर, असतं, म्हणून याचं उत्तर सविस्तर देतो.

डोकं 6 इंच लांब, साडेतीन इंच उंच, अडीच इंच जाड. रेषा लांबीच्या दिशेनं. दांडा 14 इंच. नेढं उंचीतून आरपार, 1 इंच रुंद. त्याची लांबी डोक्याच्या लांबीच्या दिशेनं घ्यायची आणि ती खालच्या बाजूला 1 इंच 2 सूत, तर वरच्या बाजूला 1 इंच 5 सूत ठेवायची. म्हणजे पुढच्या आणि मागच्या भिंतीला प्रत्येकी दीड सूत उतार येतो. दांड्याचं वरचं टोकही तसंच फुगतं करायचं. दांडा वरून घालायचा, टिकावाचा घालतात तसा. मोगरी फिरवली की डोकं बाहेर सटकू पाहतं आणि दांड्याच्या जाड भागावर अधिकच आवळून बसतं. पाचर नको, खिळा नको, गोंदही नको. उतार फक्त लांबीच्या दिशेला हवा. बाजूच्या दोन भिंती, म्हणजे नेढ्याचे गाल, सरळ समांतर ठेवा. गालांवर जोर आला की डोकं रेषेत चिरतं. प्रत्येक गालाला 6 सूत लाकूड राहिलंच पाहिजे.

सुरुवातीला डोक्याचा तुकडा 6 नव्हे, 8 इंच ठेवा. नेढं पाडताना दोन्हीकडे लाकूड जास्त असलं तर टोकं तडकत नाहीत. तोंडं, म्हणजे घाव घालायच्या बाजू, शेवटी कापायची. एक बाजू रंधून सपाट करा आणि सगळ्या खुणा त्याच बाजूला गुण्या (सुताराचा काटकोन) टेकवून काढा. वेगवेगळ्या बाजूंवरून मापं घेतली की वरचं आणि खालचं भोक एकमेकांसमोर येत नाही. नवख्या हाताची बहुतेक नेढी इथेच बिघडतात.

गिरमिटानं किंवा ड्रिलनं 6 सुताची भोकं अर्ध्या उंचीपर्यंत पाडा, मग तुकडा उलटा करून दुसऱ्या बाजूनं या. एकाच बाजूनं आरपार गेलात तर पलीकडचा पापुद्रा उडतो. उरलेलं लाकूड पटाशीनं काढा. उतारासाठी साडेतीन इंचाला दीड सूत उतरता असा एक लाकडी ठोकळा कापून घ्या, तो खुणेपाशी घट्ट बांधा आणि पटाशीची पाठ त्याला टेकवून तासा. नजरेच्या भरवशावर तासलेली भिंत मध्ये फुगीर राहते. मग दांडा फक्त त्या फुगीर जागी टेकतो आणि महिन्याभरात हलायला लागतो.

दांड्याची फाळ 1 इंच 6 सूत रुंद आणि 1 इंचाला जेमतेम कमी जाड घ्या. वरचे साडेचार इंच उतरते करा, खालचा भाग 1 इंच 2 सुताहून किंचित कमी. पेन्सिलीचं शिसं दांड्याला फासून नेढ्यात घाला, काढा, नेढ्यात काळं लागलं तिथे तासा. चार-पाच फेऱ्यांत बैठक जमते. दांडा वर 4 सूत बाहेर राहिला पाहिजे, का ते पुढच्या उत्तरात येईल. हाताच्या टोकाला शोभेचं बोंड ठेवू नका. तेच टोक नेढ्यातून जायचं असतं.

शेवटी तोंडं कापा. वरची लांबी 6 इंच, खालची साडेपाच, म्हणजे दोन्ही तोंडं दांड्याकडे 2-2 सूत आत झुकलेली. हात कोपरातून फिरतो, त्यामुळे चौकोनी डोक्याची नुसती कड पटाशीवर बसते. झुकलेलं तोंड सपाट बसतं. सगळ्या कडा 2 सूत मोडून घ्या. धारदार कडा ठेवली तर पहिल्याच दिवशी तिच्या ढलप्या उडतात.

अडीच इंच जाड वाळलेलं लाकूड नसेल तर डोकं तीन थरांत करा: 6 सुताच्या दोन फळ्या आणि मध्ये 1 इंचाची. मधली फळी करवतीनं दोन तुकड्यांत, हव्या त्या उतारानं कापली की नेढं आपोआप तयार होतं, पटाशी जवळजवळ लागतच नाही. पहिल्यांदा करणाऱ्यानं हीच पद्धत घ्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे. तिन्ही थरांच्या रेषा एकाच दिशेला हव्यात. चिकटवायच्या बाजू त्याच दिवशी रंधून घ्या. गोंद पाण्याला टिकणारा घ्या, साधा पांढरा गोंद पावसाळ्यात दमट पडवीत मऊ पडतो. दांड्याला प्लास्टिकचा कागद गुंडाळून तो मध्ये ठेवा, म्हणजे अंतर नेमकं राहतं. शिकंजा (क्लॅम्प) थोडा थोडा आवळा, कारण ओल्या गोंदावर थर सरकतात. पहिला आवळ बसला की दांडा काढून आत ओघळलेला गोंद पुसा आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका.

प्रश्न : जुलैत केलेल्या मोगरीचं डोकं मार्चमध्ये ढिलं झालं. दांडा जमिनीवर आपटून पाहिला, तर जास्तच सुटलं. मग दांड्याच्या डोक्यात लोखंडी पाचर मारली आणि मोगरीचा एक गालच चिरला. चूक कुठे झाली? – मालवण

उत्तर : तीन ठिकाणी. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या लाकडात 18 ते 20 टक्के ओल असते, फेब्रुवारी-मार्चमध्ये ती 12 टक्क्यांच्या आसपास येते. लाकूड रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. नेढ्याची लांबी डोक्याच्या रेषेच्या दिशेनं असल्यामुळे ती आहे तेवढीच राहते, दांडा मात्र बारीक होतो. वर सांगितलेल्या उताराच्या नेढ्यात दांडा या फरकानं साधारण दीड सूत खाली उतरतो. 4 सूत बाहेर ठेवायला सांगितलं ते यासाठीच. दांडा वरच्या पातळीत कापून टाकला असेल तर उतरायला जागाच उरत नाही.

दुसरं, कुऱ्हाडीचा दांडा जमिनीवर आपटला की पातं घट्ट बसतं, कारण तिथे दांडा खालून घातलेला असतो. इथे उलट आहे. मोगरी उलटी धरा, दांड्याचं वर आलेलं टोक बाकावर आपटा. दांडा थांबतो, डोकं जाड भागाकडे सरकतं आणि आवळतं. डोकं काढायचं असेल तेव्हाच मूठ खाली आपटावी.

तिसरी चूक पाचरीची. तुमची पाचर गालांच्या दिशेनं रुंदावली. सरळ नेढ्याच्या मोगरीत पाचर मारावी लागलीच तर दांड्यातली चीर डोक्याच्या लांबीला आडवी घ्यायची, म्हणजे दाब पुढच्या-मागच्या भिंतींवर जातो आणि तिथे लाकूड चिरत नाही. चिरलेला गाल चिकटवून घणाच्या कामाला वापरू नका. नवं डोकं करा, दांडा तोच चालेल.

आणि मोगरी जुलैत करूच नका. लाकूड तेव्हा कापून ठेवा. दोन्ही टोकांना मेण किंवा ऑइल पेंट लावा, कारण ओल टोकांतून सर्वांत लवकर जाते आणि तडे तिथूनच सुरू होतात. जाडीच्या प्रत्येक इंचाला साधारण एक वर्ष धरा. चुलीच्या वरचा माळा चांगला, धुरानं किडा लागत नाही. फक्त थेट आचेवर नको. हिवाळ्यात दर आठवड्याला तुकडा वजनकाट्यावर ठेवा. सलग तीन आठवडे वजन तेच आलं की लाकूड तयार. पावसाळ्यात ही परीक्षा घेऊ नका, तेव्हा ओलं लाकूडही स्थिर वजन दाखवतं.

प्रश्न : मोगरीला वॉर्निश लावावं की तेल? घरात खोबरेल आहे, काजूच्या टरफलांचं तेलही आहे. – रत्नागिरी

उत्तर : उकळलेलं जवसाचं तेल, रंगाच्या दुकानात मिळतं. फडक्यानं लावा, अर्ध्या तासानं जास्तीचं पुसा, एक दिवस सोडून दुसरा हात. तोंडांवर आणि नेढ्याच्या आतही लावा. वॉर्निशवर घामट हात घसरतो आणि घावांनी त्याचे पापुद्रे सुटतात. खोबरेल कधीच वाळत नाही, पावसात त्यावर बुरशी धरते. काजूच्या टरफलांचं तेल होड्यांना आणि वाशांना ठीक. हातात धरायच्या वस्तूला अजिबात नको, कातडी भाजते.

जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते वाळताना आतून तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं. उन्हात पसरून वाळवा, मगच टाका.

प्रश्न : नेढ्याची कटकटच नको. एकाच लाकडाची गोल मोगरी लेथशिवाय जमेल का? पांगाऱ्याचं लाकूड भरपूर आहे. – अलिबाग

उत्तर : जमेल, पण पांगारा सोडा. तो खेळण्यांना छान, घावाला भुसभुशीत. पेरू, चिकू किंवा बाभळीची साडेतीन इंच व्यासाची, 12 इंच लांब, गाठी नसलेली फांदी घ्या, अर्धवट वाळलेली. एका टोकापासून 5 इंचांवर करवतीनं सभोवार काप घ्या आणि मध्ये दीड इंच लाकूड शिल्लक ठेवा. मग मुठीच्या टोकाकडून कोयता ठेवून दुसऱ्या लाकडानं ठोका, कापापर्यंतच्या फाका सुटत येतील. एका वेळी पातळच फाक काढा. रेषा आत वळत असेल तर जाड फाक मुठीचाच घास घेते. करवतीचा काप जरा खोल गेला की मोगरी मानेत मोडते, म्हणून मानेचा कोपरा काटकोनात न ठेवता पटाशीनं गोलाईत उतरवा. डोक्यात वाळताना बारीक तडे पडतील, ते चालतात. तडा मुठीत उतरला तर मात्र ती मोगरी वापरू नका.

कोरीवकामाला ही मोगरी फार सोयीची, कुठल्याही बाजूनं घाव बसतो. मात्र घाव रेषेच्या बाजूवर पडत असल्यामुळे ती लवकर झिजते. मूठ थोडी थोडी फिरवत राहिलात तर सगळीकडून सारखी झिजेल.