नडगी बॅगवरच घडते

मित्रा, लाथा मारायला नडगी पक्की करायची म्हणतोस, पण तिच्यावर बाटली किंवा लाटणं फिरवून हाड पक्कं होत नाही. कातडी आणि हाडावरचं आवरण दुखावतं, एवढंच. थायलंडचे मुआय थाय (तिथलं लाथाबुक्क्यांचं युद्धतंत्र) खेळाडूही टांगलेल्या जड बॅगवर आणि साथीदाराने धरलेल्या पॅडवर लाथा मारूनच नडगी घडवतात. तू मऊ बॅगवर, अर्ध्या जोराने, आठवड्यातून दोन-तीनदा सुरू कर. हाड पक्कं व्हायला महिने लागतात. स्पारिंगला (जोडीदाराशी सरावाच्या लढतीला) शिनगार्ड, म्हणजे नडगीचं संरक्षक कवच, घालच, लाजू नकोस.

टेंगूळ आलं तर फडक्यात बर्फ गुंडाळून १५-२० मिनिटं धर, पाय उशीवर ठेव. पहिले ४८ तास गरम शेक नको, चोळणंही नको. (आजी हळदीचा लेप लावणारच, लावू दे.) झोंबणारं थाय मालिशचं तेल नंतर, तेही फुटलेल्या कातडीवर नाही. हाडावर एकाच जागी बोट ठेवताच कळ येत असेल, तर सराव बंद आणि थेट हाडांच्या डॉक्टरकडे.