वाचकांचे प्रश्न : आफ्रिकी विद्यार्थ्यांची उपासना आणि आपली मंडळी

या महिन्यात खान्देशातून आलेली बरीच पत्रं एकाच विषयाची आहेत. शिकायला आलेले आफ्रिकी विद्यार्थी, त्यांची छोटी उपासना आणि त्यांना जागा देणाऱ्या आपल्या ख्रिस्ती मंडळ्या. त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : रविवारी दुपारी दोन ते चार आम्ही चर्चचा हॉल वीस-बावीस विद्यार्थ्यांना देतो. चारला संपायची उपासना साडेपाचला सुटते. पाचला आमचं महिला मंडळ दारात उभं असतं. स्पष्ट बोललं तर त्यांना वाईट वाटेल का? (भुसावळ)

वाईट वाटणार नाही. पण ‘लवकर आटपा’ एवढं सांगून काही होणारही नाही. नायजेरिया, घाना, काँगो, केनियातल्या पेंटेकॉस्ट वळणाच्या, म्हणजे मोकळ्या गाण्या-प्रार्थनेवर भर असलेल्या, मंडळ्यांत तीन तासांची उपासना ही लांबलेली उपासना नसते, तीच नेहमीची असते. तेव्हा दोन तास देऊन भांडण्यापेक्षा दीड ते साडेचार असे तीन तास द्या आणि साडेचार मात्र पक्के ठेवा. पुढची तीस मिनिटं खुर्च्या, झाडू आणि दारातल्या गप्पांसाठी.

आता वेळ कुठे जातो ते बघा. गाण्यांना पाऊण तास जातो, त्याला हात लावू नका; लोक त्याच वेळात एकेक करून येतात. खरा वेळ खातं ते भाषांतर. काँगो-बुरुंडीकडची मुलं फ्रेंच किंवा स्वाहिली बोलतात, नायजेरिया-घानाची इंग्रजी, इथिओपियाची अम्हारिक. वाक्यागणिक भाषांतर केलं की पंचवीस मिनिटांचा संदेश (प्रवचन) पन्नास मिनिटांचा होतो. त्याऐवजी संदेशाचे मुद्दे आदल्या दिवशी फोनवर पाठवा, शास्त्रपाठ ज्याने त्याने आपल्या भाषेत वाचावा, आणि फ्रेंचवाले तिघेच असतील तर त्यांना मागच्या बाकावर बसवून एकाने हळू आवाजात सांगावं. साक्षी, म्हणजे देवाबद्दलचे स्वतःचे अनुभव, दर रविवारी दोनच, तीन-तीन मिनिटांच्या. महिन्यातून एक रविवार साक्षींना मोकळा सोडा, नाहीतर मनातलं मनातच राहतं. एकेकावर हात ठेवून करायची प्रार्थना आशीर्वादानंतर व्हरांड्यात घ्या. एवढ्या एका बदलाने अर्धा तास सुटतो.

आवाजाचं वेगळं सांगावं लागेल. पत्र्याच्या छपराखाली ड्रम आणि मोठा स्पीकर म्हणजे अख्ख्या गल्लीला उपासना. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. बंद हॉलला सवलत आहे, पण आवाज बाहेर गेला तर ती कामाची नाही. शुक्रवारची रात्रभराची प्रार्थना त्यांना फार प्रिय असते आणि तक्रारी तिथूनच येतात. रात्री दहानंतर माइक आणि ड्रम बंद, फक्त टाळी आणि गळा. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना आदल्या दिवशी जाऊन सांगून यावं, आणि जाताना एखादा विद्यार्थी सोबत न्यावा. चेहरा ओळखीचा झाला की निम्मी कुरबुर तिथेच मिटते.

प्रश्न : आमच्या चर्चचं छप्पर गळतं. हे विद्यार्थी आपणहून वर्गणी द्यायला तयार आहेत, एकाने कीबोर्डही देऊ केला आहे. दर रविवारी ते अर्पणाच्या थैलीत पैसेही टाकतात. आमचे खजिनदार म्हणतात घेऊ नका. इतकं कशाला घाबरायचं? (धुळे)

खजिनदारांचं ऐका. पंच कमिटीच्या पुढच्या बैठकीत त्यांचे आभारही माना.

परदेशी अंशदानाचा 2010 चा कायदा, ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात, पैसा कुठून निघाला ते बघत नाही, देणारा कोण ते बघतो. परदेशी नागरिक हा ‘परदेशी स्रोत’. त्याने धुळ्यातल्या एटीएममधून काढलेली शंभराची नोट थैलीत टाकली तरी ते परदेशी अंशदान. वस्तूही त्यातच येते, म्हणजे संस्थेला दिलेला कीबोर्ड, पंखा, पत्रे सगळंच. धार्मिक संस्थेला हे घ्यायचं तर केंद्रीय गृहखात्याची नोंदणी लागते. ती मिळायला साधारणपणे संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या तीन वर्षांत कार्यावर 15 लाख रुपये खर्च केलेली असावी लागते. वर नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच खातं उघडावं लागतं, कारण 2020 च्या दुरुस्तीनंतर पैसा आधी तिथेच यावा लागतो. पन्नास घरांच्या मंडळीला हे झेपणारं नाही. धर्मादाय आयुक्तांकडची ट्रस्टची नोंदणी वेगळी. ती आहे म्हणून ही आहे असं समजू नये. ही गल्लत फार होते.

उलट अनिवासी पण भारतीय पासपोर्ट असलेला तुमच्या मंडळीचा मुलगा दुबईहून आपल्या कमाईतून पैसे पाठवतो, ते यात येत नाही. पावती फाडताना नागरिकत्वाचा रकाना ठेवा, प्रश्न सुटतो.

मग अर्पणाच्या वेळी काय करायचं? इथे नाजूकपणा हवा. त्यांच्याकडे अर्पण म्हणजे उपासनेचा आनंदाचा भाग. गात-नाचत, रांगेने पुढे यायचं. ‘तुम्ही बसून राहा’ म्हटलं की अपमान होतो. त्यांच्या उपासनेत थैली फिरवूच नका. टोपली पुढे ठेवा आणि त्यांनी तसंच गात येऊन प्रार्थनेच्या चिठ्ठ्या त्यात टाकाव्यात. कारण मात्र एकदा नीट समजावून सांगा, कायद्याचं आहे हे कळलं की कोणी रुसत नाही. त्यांचा चहा, त्यांच्या रिक्षा, त्यांच्यातल्या आजाऱ्याची औषधं हा खर्च त्यांनी आपसांत करावा, तुमच्या वहीत त्याची नोंद नको. कीबोर्ड त्याचा त्याच्याकडेच राहू दे. त्याने आणावा, वाजवावा, घरी न्यावा. हॉलचं भाडं घ्यायचा विचार असेल तर आधी सीएला विचारा. विजेच्या बिलापुरतं म्हणूनसुद्धा परस्पर घेऊ नका.

छपरासाठी आपल्याच घरांतून वर्गणी काढा. कापूस विकला गेला की मागा, पेरणीच्या तोंडावर नको.

प्रश्न : त्यांच्यातला एक मुलगा सुंदर संदेश देतो. त्याला आमच्या मराठी उपासनेत आणि पाड्यांवरच्या सभांना न्यावं असं तरुण संघाचं म्हणणं आहे. नाताळात त्यांच्या देशातले एक पाळकही (धर्मगुरू) पर्यटक म्हणून येणार आहेत. (जळगाव)

दोन्ही नको. परदेशी नागरिकाने उपासनेला यावं, बसावं, गावं, प्रार्थना करावी, याला कसलीच आडकाठी नाही. पण व्हिसाच्या नियमांत धर्मोपदेश करणं, धार्मिक ठिकाणी भाषण देणं, पत्रकं वाटणं याला मनाई आहे. त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा असतो. विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर संदेश दिला तर त्रास तुम्हाला कमी आणि त्या मुलाला जास्त. शिक्षण अर्धवट टाकून परत जायची वेळ येऊ शकते. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर त्याला नेणं तर साफ चूक. त्यांच्या दुपारच्या उपासनेतही संदेश तुमच्या पाळकांनीच द्यावा. इंग्रजी अडखळत असली तरी चालेल, मुद्दे लिहून न्यावेत. त्या मुलाला गायन आणि शास्त्रपाठ द्या.

पाहुण्या पाळकांनी उपासनेला बसावं आणि नाताळाचं जेवण जेवावं. ते कोणाच्या घरी उतरणार असतील तर त्या घरमालकाने चोवीस तासांत परदेशी नोंदणी कार्यालयाच्या पोर्टलवर कळवावं लागतं. नियम फक्त लॉजवाल्यांना आहे असा समज आहे, तो खोटा. पोर्टल जमत नसेल तर जिल्हा पोलिस अधीक्षक कार्यालयात विचारा.

प्रश्न : हंगामाच्या सणाला (पीक घरात आल्यावरच्या आभाराच्या उपासनेला) चाळीस जणांचं एकत्र जेवण ठरलं आहे. त्यांच्या चवीचं काय करावं? काही इथिओपियन मुली आमच्याकडे जेवतच नाहीत, त्याचं कोडं आहे. (अमळनेर)

कोडं आधी सोडवू. त्या इथिओपियाच्या जुन्या ऑर्थोडॉक्स पंथाच्या असाव्यात. त्यांचा बुधवार-शुक्रवारचा उपवास असतो, ईस्टरआधी 55 दिवसांचा असतो, आणि त्यांचा नाताळ 7 जानेवारीला असल्यामुळे नोव्हेंबरच्या अखेरीपासून 6 जानेवारीपर्यंतही असतो. म्हणजे आपला 25 डिसेंबरचा अंड्याचा केक त्यांच्या ऐन उपवासात येतो. उपवासात मांस, अंडी, दूध, तूप काहीच नाही. म्हणून ‘शाकाहारी आहे, खा’ म्हणणं पुरत नाही. वरण-बट्टी करा, पण बट्टी तेलात तळा आणि तूप वेगळ्या वाटीत ठेवा. त्यांना प्रभुभोजनाचाही (उपासनेतल्या भाकर-द्राक्षारसाचा) आग्रह करू नका, दुसऱ्या मंडळीत ते घेण्याची त्यांना मोकळीक नसते.

केनिया-टांझानियाच्या मुलांसाठी उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोपी. बाकी जेवण असताना चाळीस जणांना चार किलो पांढऱ्या मक्याचं पीठ आणि आठ-नऊ लिटर पाणी पुरतं. चक्कीवर भाकरीपेक्षा जरा जाडसर दळून घ्या, फार बारीक पिठाच्या गाठी होतात. थोडं पीठ थंड पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडा. पेजेसारखं झालं की उरलेलं मूठमूठ घालत लाकडी दांड्याने घोटा. मग मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, कडा सुटेपर्यंत. मीठ बहुधा घालत नाहीत. चार किलो एकाच पातेल्यात घोटायला जाऊ नका, हात भरून येतो, खाली लागतं आणि मधे कच्चं राहतं. दोन पातेली करा. नायजेरियाच्या मुलांना बारीक रव्याचा असाच घट्ट गोळा चालतो. सोबत शेंगदाण्याचा रस्सा टोमॅटो, आलं आणि मिरचीचा. पश्चिम आफ्रिकेत तो घरोघरी होतो. आपल्या काळ्या मसाल्याची शेवभाजीही ठेवा, तिखटाला ही मंडळी आपल्याला हार जाणारी नाहीत.

प्रश्न : वेगळी उपासना कशाला? सगळ्यांनी सकाळच्या मराठी उपासनेलाच यावं, असा आमच्या मंडळीच्या वडिलांचा (कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांचा) ठराव आहे. (नंदुरबार)

ठराव मागे घ्या. जन्मभर ज्या भाषेत प्रार्थना केली ती माणूस दोन वर्षांच्या कोर्सपुरती बदलत नाही. सक्ती केलीत तर मुलं खोलीवर बसून मोबाइलवर उपासना बघतील. ज्या महिन्यात पाच रविवार येतात त्या पाचव्या रविवारी एकत्र उपासना ठेवा. वर्षातून असे चार-पाच येतात. ना. वा. टिळकांचं एखादं भजन निवडा. एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी धरायचं, ही पद्धत दोन्हीकडची आहे, त्यामुळे ढोलकीवर ते पटकन बसतं. त्यांच्यातल्या वयाने मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारू नका. आपल्यासारखंच तिथेही ते उद्धटपणाचं समजतात.

विद्यार्थ्यांची ही संगती (एकत्र जमणं) मोडते ती बहुतेक उन्हाळ्यात. परीक्षा संपली की गायन घेणारा, खोल्यांवर फिरून विचारपूस करणारी, ग्रुप चालवणारा आणि किल्ली सांभाळणारा एकदमच विमानात बसतात, आणि जूनमध्ये आलेल्या नव्या मुलांना विचारायला कोणी उरत नाही. म्हणून डिसेंबरमध्येच प्रत्येक कामाला पहिल्या वर्षाचा एकेक जण जोडून द्या, ग्रुपवर तुमच्या पाळकांचा नंबर ठेवा, आणि एक किल्ली मे महिन्याआधी मंडळीतल्या कोणाकडे तरी परत घ्या.