प्रोलॉगमध्ये मेनू लिहिताना
म्हापशातील वाचनालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीचा प्रोग्रॅम तुम्ही प्रोलॉगमध्ये (तथ्ये आणि नियम यांवर चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत) लिहीत आहात, तेव्हा मेनू खिडकीच्या कोडमध्ये न गुंतवता तथ्यांच्या रूपात वेगळा ठेवावा. मेनू('पुस्तके', 'परत घ्या', परत_घ्या). अशा ओळी फाइंडऑलने (सर्व उत्तरांची यादी करणाऱ्या आज्ञेने) गोळा केल्या, की नवा पर्याय वाढवायला एक ओळ पुरते. पर्याय केव्हा निवडता यावा, हे असर्ट-रिट्रॅक्टने (प्रोग्रॅम चालू असताना तथ्ये घालून-काढून) नोंदवत बसू नका; पुस्तक बाहेर गेले आहे का, हे विचारणारा नियम लिहा. एसडब्ल्यूआय-प्रोलॉग या प्रोलॉगच्या आवृत्तीसोबतच्या एक्सपीसीई या खिडक्या-मेनू बनवण्याच्या साधनामध्ये मेनूतील पर्यायाला अशी अट थेट जोडता येते.

खरी काळजी निवडीनंतरच्या कृतीची घ्यावी. प्रोलॉगमध्ये उद्दिष्ट (सिद्ध करायला दिलेले विधान) असफल होणे हा अपवाद, म्हणजे त्रुटी म्हणून कळवली जाणारी घटना, नव्हे. त्यामुळे दाखल क्रमांक चुकला तरी पडद्यावर काहीच उमटत नाही आणि काउंटरवरील कर्मचारी पुन्हा पुन्हा क्लिक करत राहतो. म्हणून कृती नुसत्या कॉलने (उद्दिष्ट चालवण्याच्या आज्ञेने) चालवू नका. ती जर-तर-अन्यथा रचनेत अटीच्या जागी घालून 'अन्यथा'च्या जागी स्पष्ट संदेश द्या. या रचनेतील अटीचे पहिलेच उत्तर धरले जात असल्याने प्रोलॉगने दुसरे उत्तर शोधायला मागे फिरून तीच नोंद दुसऱ्यांदा होण्याचा धोकाही (हा दोष शोधणे फार त्रासाचे असते) टळतो. अपवादांसाठी बाहेरून कॅच (अपवाद पकडणारी आज्ञा) लावावा.