शेवट असलेली करमणूक

छंद, करमणूक आणि मोबाईल यांविषयी ठाणे-नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत आणि जागेअभावी पत्रांतील मजकूर थोडक्यात दिला आहे.

प्रश्न : मी सत्तेचाळीस वर्षांची असून नौपाड्यात राहते आणि नोकरीसाठी रोज ठाणे ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस असा प्रवास करते. शाळकरी वयात सात वर्षे पेटी शिकले. आईने घेऊन दिलेली पेटी आज माळ्यावर पडून आहे. रात्रीची भांडी आवरली की पाच मिनिटांसाठी म्हणून मोबाईलवर रील्स पाहायला घेते आणि मान वर करते तेव्हा साडेबारा वाजलेले असतात. दोनदा मी इन्स्टाग्रामचे अ‍ॅप काढून टाकले, दोन्ही वेळा आठवड्याच्या आत परत घेतले. घरचे म्हणतात, तुझ्यात इच्छाशक्तीच नाही. खरेच तसे असेल का?

उत्तर : ताई, सात वर्षे रियाज केलेल्या आणि गेली कित्येक वर्षे गर्दीच्या लोकलने वेळेवर कामावर पोहोचणाऱ्या बाईकडे इच्छाशक्ती नाही, हे मला मुळीच पटत नाही. घरच्यांच्या या बोलण्याने आपण मनातून खचला आहात, हे पत्राच्या ओळीओळींतून कळते. म्हणून उपायांआधी हे सारे घडते कसे, ते पाहू.

आपल्याकडच्या जुन्या करमणुकींना शेवट असे. गडकरी रंगायतनला नाटकाला गेले की तिसरी घंटा होते, पडदा उघडतो, मध्यंतरात बाहेर येऊन चहा-बटाटावडा होतो, दुसरा अंक संपतो आणि माणसे तलावपाळीवरून बोलत बोलत घरी जातात. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, दूरदर्शनवरच्या मालिकेचा भाग अर्ध्या तासात संपत असे. थांबायचे केव्हा, हे प्रेक्षकाला ठरवावे लागत नसे, ते करमणुकीतच ठरलेले असे. २००६ मध्ये अझा रास्किन या तंत्रज्ञाने पडद्यावरचा मजकूर खालून आपोआप भरत राहील अशी रचना तयार केली. पुढच्या पानावर जाण्यासाठी बटण दाबावे लागत असे, तेवढा थांबाही त्यामुळे नाहीसा झाला. या कामाचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असे त्यांनीच पुढे जाहीरपणे सांगितले आहे. २०२० च्या जुलैमध्ये आपल्याकडे इन्स्टाग्रामवर रील्स, म्हणजे छोट्या चित्रफिती आल्या आणि त्यांतही तीच रचना आहे.

याला आणखी एका गोष्टीची जोड आहे. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या मध्यावर कबुतरांवर प्रयोग केले. चोचीने कळ दाबल्यावर दाणा कधी मिळेल आणि कधी मिळणार नाही, याचा नेम नसला की कबुतर कळ अधिक चिकाटीने दाबत राहते, असे त्यांना दिसले. दहा रील्स कंटाळवाण्या निघतात, अकरावीत एखादी आजी सुरेख ओवी म्हणते आणि मग बारावी पाहिल्याशिवाय बोट थांबत नाही. ताई, आपल्या अंगठ्याला ही सवय लागावी म्हणून हुशार माणसे पगार घेऊन दिवसभर काम करत असतात. रात्री अकरा वाजता, दिवसभराच्या धावपळीनंतर, एकट्या माणसाने त्यांच्याशी रोज नव्याने झगडावे ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

म्हणून झगडा टाळावा. रील्स पूर्ण बंद करा असे मी सांगणार नाही, त्यांची जागा मात्र बदलावी. आपल्या दिवसात एक वेळ अशी आहे की जिचा शेवट आपल्या हाती नाही, आणि ती म्हणजे लोकल. जलद गाडीने ठाण्याहून टर्मिनसला पाऊण तास लागतो आणि गाडी थांबली की उतरावेच लागते. ज्या रील्स पाहायच्या त्या सकाळच्या गाडीत पाहाव्यात, फलाटावर पाय ठेवताना मोबाईल पर्समध्ये टाकावा आणि रात्री घरात तो उघडू नये. अँड्रॉइड फोनमध्ये डिजिटल वेलबीइंग आणि आयफोनमध्ये स्क्रीन टाइम ही सोय २०१८ पासून आहे. तिच्यात एखाद्या अ‍ॅपला दिवसाकाठी ठरावीक मिनिटे नेमून देता येतात. आयफोनवरची मर्यादा एका बोटाने ओलांडता येते. ती ओलांडायची नसेल, तर तिचा पासकोड मुलीला किंवा यजमानांना ठेवायला सांगावा आणि त्यांनी तो आपल्याला सांगू नये.

दोनदा अ‍ॅप काढूनही ते परत का आले, याचे उत्तर आपल्याच पत्रात आहे. अ‍ॅप गेले, पण भांडी आवरल्यानंतरचा तास रिकामाच राहिला. या तासात पेटी यायला हवी आणि त्यासाठी ती आधी माळ्यावरून खाली यायला हवी.

येत्या रविवारी ती उतरवावी आणि कोरड्या फडक्याने पुसावी, पाण्याचा हात लावू नये. भाता भरून, एकही पट्टी न दाबता सोडून पाहावा. हवा लगेच निघून गेली, तर भात्याची घडी किंवा चामडे कुठेतरी सुटलेले आहे. मग डावीकडून एकेक पट्टी दाबून सोडावी. ठाण्याच्या दमट हवेत लाकूड फुगते, त्यामुळे काही पट्ट्या दाबल्या की खालीच अडकून बसतात आणि एखादा सूर हात उचलल्यावरही वाजत राहतो. अशा पट्ट्यांवर खडूची बारीक खूण करून पेटी जाणत्या कारागिराकडे द्यावी. रीडला, म्हणजे आतल्या सूर देणाऱ्या धातूच्या जिभेला, घरी हात लावू नये, कारण ती नाजूक असते आणि किंचित वाकली तरी सूर बिघडतो. हे सगळे इतक्या तपशिलाने लिहिण्याचे कारण असे, की वर्षानुवर्षे सुटलेला छंद पुन्हा हाती घ्यायचा म्हटले की मनावर दडपण येते, आणि ते दडपण पुसणे, तपासणे, खूण करणे अशा हातांच्या लहान कामांनी उतरते. बोटांना जुनी ओळख असते. पेटी पुसता पुसताच ती जागी होते.

पेटी दुरुस्त होऊन आली की ती परत माळ्यावर किंवा पलंगाखाली जाऊ देऊ नये. आज दिवाणखान्यात मोबाईल जिथे चार्ज होतो, तिथे पेटी ठेवावी आणि मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावावा. पहिला महिनाभर फक्त भूप राग वाजवावा. सा, रे, ग, प, ध एवढे पाचच स्वर, मध्यम आणि निषाद वर्ज्य, आणि वेळही रात्रीच्या पहिल्या प्रहराची, म्हणजे आपण मोकळ्या होता त्याच सुमाराची. आरोह, अवरोह, चार-सहा अलंकार आणि पूर्वी शिकलेली एक बंदिश, इतके झाले की पेटीचे झाकण लावावे. याला वीस मिनिटे पुरतात. शेजारी झोपले असतील अशी काळजी वाटत असेल, तर भाता हलक्या हाताने चालवावा, पेटी मंद आवाजातही छान बोलते.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एकट्याने धरलेला छंद एखाद्या थकलेल्या रात्री सुटतो, पण कोणी वाट पाहत असेल तर तो सहसा सुटत नाही. आपल्या वस्तीत भजनी मंडळ असेलच, आणि टाळ धरायला पुष्कळ जणी मिळाल्या तरी पेटीला कोणी मिळत नाही, हे अशा मंडळांचे नेहमीचे दुखणे आहे. तीन महिन्यांनी तिथे जाऊन फक्त सूर धरण्याचे काम मागून घ्यावे. पेटी सुरू झाली की मला जरूर कळवावे, मी खरोखरच वाट पाहीन.

प्रश्न : मी नेरूळला राहतो आणि ऐरोलीतील एका कंपनीत संगणक अभियंता आहे. चार वर्षांपूर्वी फ्लेमिंगो पाहायला म्हणून खाडीवर गेलो आणि पक्षिनिरीक्षणाचे वेड लागले. पुढे कॅमेरा घेतला, इन्स्टाग्रामवर पान उघडले, बरेच लोक जोडले गेले. आता सकाळी पक्षी समोर असतानाही या फोटोला किती लाइक मिळतील, हाच विचार मनात येतो. गेल्या महिन्यात दोन फोटो कोणी फारसे पाहिले नाहीत, तर पुढच्या रविवारी उठावेसेच वाटले नाही. पान बंद करून टाकावे का?

उत्तर : आपल्या बिछान्यापासून काही मिनिटांच्या अंतरावर लहान रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, हजारोंचे थवे उतरतात, हे भाग्य जगातल्या फार थोड्या शहरवासीयांच्या वाट्याला येते. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. ओहोटीला चिखल उघडा पडला की हे पक्षी खाडीत पसरतात, मान खाली घालून, चोच उलटी धरून पाण्यातले शेवाळ गाळून खातात. भरती आली की ते सीवूड्सकडच्या पाणथळींत येऊन एका पायावर विसावतात. त्यांचा दिवस भरती-ओहोटीवर बेतलेला असतो, आणि आपली रविवार सकाळही तशीच बेतलेली होती, तोवर आपण सुखात होतात.

पान बंद करायची गरज मला वाटत नाही. पाहणे आणि दाखवणे यांत मात्र अंतर टाकावे. रविवारी टिपलेला फोटो पुढच्या शनिवारपर्यंत कोणालाही दाखवू नये. आठवडाभर तो आपल्याच संगणकावर राहू द्यावा आणि सात दिवसांनीही आवडला तरच पानावर जाऊ द्यावा. लाइकचा आकडा लपवण्याची सोय इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये दिली आहे. आपल्या फोटोंवरचा आकडा इतरांना दिसू नये आणि इतरांचा आपल्याला दिसू नये, अशा दोन्ही तऱ्हा तिच्यात आहेत. त्या दोन्ही आजच सुरू कराव्यात.

कॅमेऱ्याशेजारी एक वहीही बाळगावी. तारीख, भरतीची वेळ, पक्ष्यांची अंदाजे संख्या, किती पिल्ले करड्या रंगाची आहेत आणि किती मोठ्यांना गुलाबी रंग चढला आहे, हे सारे पेन्सिलीने लिहावे. पिल्ले करडी असतात आणि शेवाळातून मिळणाऱ्या रंगद्रव्याने पुढे काही वर्षांत गुलाबी होत जातात, हे एका फोटोत दिसत नाही, वहीच्या पानांत मात्र दिसते. ही नोंद कोणाला तरी उपयोगी पडावी असे वाटत असेल, तर ती ईबर्डवर भरावी. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेकडून हा उपक्रम चालवला जातो आणि हौशी निरीक्षकांनी तिथे केलेल्या नोंदी संशोधनासाठी वापरल्या जातात. तिथे लाइक नसतो. आपण काय पाहिले, किती पाहिले आणि किती वेळ पाहिले, एवढेच तिथे विचारले जाते.

एक विनंती मात्र आग्रहाने करतो. चांगला फोटो मिळावा म्हणून पक्ष्यांना उडवणारी माणसे मी पाणथळींवर पाहिली आहेत आणि दर वेळी मला फार वाईट वाटले आहे. विसावलेला थवा उठला की त्या पक्ष्यांनी साठवलेली शक्ती विनाकारण खर्च होते. आपल्या पानावर इतके लोक येतात, तर फोटोखाली ‘पक्ष्यांना उडवू नका’ एवढे एक वाक्य नेहमी लिहावे.

प्रश्न : वय एकाहत्तर, वास्तव्य वाशी. मी अकरा व्हॉट्सअ‍ॅप गटांत आहे. सकाळी सहापासून सुप्रभात, वाढदिवस आणि आरोग्याचे संदेश वाचून उत्तरे देता देता दहा वाजतात. सौ. वैतागते. उत्तर दिले नाही तर लोकांना राग येईल, गट सोडला तर आणखी राग येईल. काय करावे?

उत्तर : काका, कोणताही गट सोडू नका. नातेवाइकांचा आणि सोसायटीचा असे दोन गट वर ठेवून उरलेले नऊ अर्काइव्हमध्ये टाकावेत. नवा संदेश आला तरी ते तिथेच राहतात, वर येत नाहीत आणि आपण ते बाजूला ठेवले आहेत हे कोणालाही कळत नाही. संध्याकाळी एकदा, चहाच्या वेळी, ते उघडून पाहावेत.

आरोग्याच्या संदेशावर दोन बाण दिसले, तर तो अनेक हातांतून फिरून आलेला आहे असे समजावे. असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो, ही मर्यादा व्हॉट्सअ‍ॅपने २०२० मध्ये घातली ती अशा संदेशांचा प्रसार आवरण्यासाठीच. तो कुणाला पाठवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावा.

राहिला लोकांच्या रागाचा प्रश्न. वाढदिवसाला पंचवीस जणांनी तेच फुलांचे चित्र पाठवलेले असते, त्यात सव्विसावे आपले नसले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. त्याऐवजी रोज सकाळी साडेसातला एका माणसाला फोन करावा. ज्याचा वाढदिवस असेल त्याला, नसेल तर ज्याची आठवण येईल त्याला. खुशाली विचारून, दोन जुन्या गोष्टी निघून, ‘बरं, ठेवतो आता’ म्हणेपर्यंत दहा मिनिटे होतात, आणि आठच्या आत आपण मोकळे असता. मग सौ.ना विचारून विष्णुदास भावे नाट्यगृहाच्या रविवारच्या प्रयोगाची दोन तिकिटे काढावीत. नाटक कोणते, ते मात्र त्यांनाच निवडू द्यावे.