श्रीमंत, सधन की सुखवस्तू?

करवीर तालुक्यातल्या गावांत घरोघरी जाऊन आर्थिक पाहणी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: इंग्रजी प्रश्नावलीत ‘अ‍ॅफ्लुअंट’ कुटुंबांचा एक गट आहे. मराठीत त्याला ‘श्रीमंत’ म्हणायचं, ‘सधन’ की ‘सुखवस्तू’? की तिन्ही एकच?

एकच नाहीत. गटाला ‘सधन’ नाव द्या, आणि लोकांच्या सोप्यात, म्हणजे घराच्या दर्शनी भागात, बसून प्रश्न विचारताना मात्र यातला एकही शब्द वापरू नका. हे शब्द वेगवेगळ्या मापांनी घर मोजतात, म्हणून असं म्हणतो.

‘श्रीमंत’ घ्या. संस्कृतातल्या ‘श्रीमत्’चं एकवचन श्रीमान आणि अनेकवचन श्रीमन्तः. म्हणजे पत्रिकेवरचा श्रीमान आणि वाड्यातला श्रीमंत हे सख्खे भाऊ. श्री म्हणजे तेज, शोभा, वैभव, लक्ष्मी. पैसा हा त्यातला एक भाग. पेशव्यांना ‘श्रीमंत’ म्हणत, आमच्या कोल्हापुरात छत्रपती घराण्यातल्या नावांआधी तो शब्द आजही लागतो, आणि तिथे तो निव्वळ मान असतो. ‘गर्भश्रीमंत’मध्ये तर रक्कम नाहीच, पिढी मोजलेली आहे. आज कमावलं आणि उद्या गर्भश्रीमंत झालं, असं होत नाही.

फारसी-अरबीतून आलेले दोन शब्द मला याहून आवडतात. ‘तालेवार’मधला ‘ताले’ म्हणजे नशीब, उगवता तारा. तालेवार म्हणजे ज्याचं नशीब उजळलंय तो. ‘मातब्बर’चं मूळ ‘मुअतबर’, म्हणजे ज्याच्यावर भरवसा ठेवावा असा. गावात मातब्बर कोण, तर ज्याच्या शब्दावर दुकानदार माल सोडतो आणि ज्याच्या जामिनावर दुसऱ्याला कर्ज मिळतं तो. इथं संपत्ती तिजोरीत नसते, लोकांच्या मनात असते. मराठीतला ‘पत’ हा शब्दही तेच सांगतो, आणि आपल्या पतसंस्था त्याच शब्दावर उभ्या आहेत.

आता प्रत्यक्षात माणसं कशी मोजतात ते सांगतो. आमच्या नात्यात एका सोयरिकीच्या बैठकीला मी होतो. मुलीकडच्या थोरल्या चुलत्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली आणि पहिलाच प्रश्न केला, “पाण्याखाली किती?” म्हणजे बागायत किती. एकूण जमीन किती, हे विचारलंच नाही. “दोन एकर, मळीची,” उत्तर आलं. “म्हंजे पुरात जातंय,” चुलते म्हणाले. 2019 चा पूर सगळ्यांच्याच डोळ्यांपुढे होता. नदीकाठची काळीभोर मळी, जिच्यासाठी भावाभावांत भांडणं व्हायची, तिचा भाव त्या एका वाक्यात खाली आला. मग “ऊस किती जातोय?”, मग “दावणीला काय हाय?” चार म्हशी, त्यातल्या दोन गाभण. तेवढ्यात आतून मुलाची आजी म्हणाली, “वरीसभराचं दाणंगोटं घरचं हाय आमचं. दुधाला कुणाच्या दारात जायला लागत न्हाई.” चुलत्यांनी मान हलवली. खाऊन-पिऊन सुखी घर, असं ठरलं. दोन तासांत ‘श्रीमंत’ हा शब्द कुणाच्या तोंडी आला नाही.

आजीबाईंनी ज्याचं वर्णन केलं, ते ‘सुखवस्तू’ घर. ‘वस्तू’ दिसते म्हणून फ्रिज, टीव्ही, गाडी असा अर्थ लावू नका. त्या शब्दाचा सामानाशी संबंध नाही. गरजेपोटी कुणापुढे हात पसरावा लागत नाही, ही ती पातळी. तो शब्द किती आहे हे सांगत नाही, कशाची ददात नाही हे सांगतो. तुमच्या प्रश्नावलीला त्याचा उपयोग कमी, कारण अशा घराची रक्कम ठरवता येत नाही. पण भाषा म्हणून मला तो सगळ्यांत समंजस वाटतो.

सरकारही एका मापावर भागवत नाही. महाराष्ट्रात 1999 पासून शिधापत्रिका तीन रंगांच्या झाल्या. वर्षाचं उत्पन्न 1 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर पांढरी; त्याशिवाय घरात चारचाकी आहे का आणि बारमाही बागायत जमीन किती, हेही पाहायचं. म्हणजे सोयरिकीतला ‘पाण्याखाली किती?’ हा प्रश्न सरकारी अटीतही आहेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत संपत्तीचा निर्देशांक काढताना उत्पन्न धरत नाहीत. घर कसलं, पाणी कुठून येतं, शौचालय आहे का, कोणती वाहनं आणि उपकरणं आहेत यावरून गुण देतात आणि लोकसंख्येचे पाच सारखे भाग पाडतात.

अर्थशास्त्रात उत्पन्न हा प्रवाह, म्हणजे येत राहणारा पैसा, आणि संपत्ती हा साठा, म्हणजे आजवर जमलेलं. मराठीत हा भेद काही शब्दांत पुसट होतो, आणि तुमची खरी अडचण तिथे आहे. ‘लखपती’ म्हणजे पूर्वी ज्याच्यापाशी लाखाची माया आहे तो. आता ‘लखपती दीदी’ योजनेत वर्षाला 1 लाख उत्पन्नाच्या घरातली बचतगटाची बाई. ‘मिळकत’ तर दोन्हीकडे आहे. सिटी सर्व्हेच्या ऑफिसात ‘मिळकत पत्रिका’ म्हणजे जागेचा कागद, आणि घरात ‘महिन्याची मिळकत’ म्हणजे कमाई. “तुमची मिळकत किती?” असं विचारलंत, तर एक जण पगार सांगेल आणि दुसरा गुंठे. त्यापेक्षा दोन प्रश्न करा: “वर्षाला घरात किती पैसे येतात?” आणि “नावावर काय काय आहे?” उसाचं बिल हप्त्यांनी येतं, दुधाचं दहा-पंधरा दिवसांनी, तेही वेगळं विचारा.

‘सधन’ सुचवला तो यासाठीच. धनासह असलेला, एवढाच त्याचा सरळ अर्थ. त्यात मान नाही, नशीब नाही, पिढी नाही. त्यामुळे रकमेची किंवा मालमत्तेची जी रेघ तुम्ही आखाल ती त्याला चालते. ‘समृद्ध’ मात्र गावासाठी किंवा समाजासाठी राखून ठेवा, एका घराला तो जरा मोठा होतो. आणि छपाईआधी एकदा नीट वाचून घ्या: ‘सधन’चं ‘सघन’ फार वेळा होतं, आणि सघन म्हणजे दाट. सघन लागवड असते, सघन कुटुंब नसतं.